निरंक

मे महिना संपत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकची चर्चा सुरू होते. एक जूनला आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस असतो. तळमजल्यावरचे माजी बस कंडक्टर, समोरच्या विंगमधले हेडमास्तर, आणि आमचे पप्पा. सगळे एकाच तारखेचे, कारण सगळ्यांना ती तारीख आपापल्या गावच्या गुरुजींनी दिलेली. शाळेत आणून बसवलेल्या पोराचा जन्म कधीचा, हे आईबापाला ठाऊक नसायचं आणि रजिस्टरातला रकाना मोकळा ठेवायची सोय नव्हती. मग गुरुजी पोराची उंची बघायचे, दात बघायचे, एखादं साल ठरवायचे आणि त्याच्या आधी एक जून लावून टाकायचे. शाळा जूनमध्ये उघडते, एवढाच काय तो आधार.

माझी आजी सांगायची की पप्पांच्या वेळी कळा आल्या तेव्हा ज्वारी हुरड्यात होती. म्हणजे थंडीचे दिवस. म्हणजे पप्पा एक जूनचे नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी दर वर्षी सानपाड्याच्या या चिकट उकाड्यात, सोसायटीच्या ऑफिसमधल्या एकुलत्या एक पंख्याखाली, ते बाकीच्या जूनकरांबरोबर सुरीला हात लावतात आणि टाळ्या संपेपर्यंत ओशाळवाणे उभे राहतात. टाळ्या वाजल्या की त्यांचे कान लाल होतात. कौतुक झालं तरी लाल, कोणी रागावलं तरी लाल. माझंही तसंच आहे. आई म्हणते, चेहरा तिचा घेतला असता तर काही बिघडलं नसतं, पण मी नेमके कान घेतले.

आत्ता हे लिहिताना खिडकीतून वाशीच्या मार्केटकडून येणारा वास घरात शिरलाय. पिकून उतरलेल्या आंब्यांचा, पेंढ्याचा आणि कालपासून उन्हात पडलेल्या कशाचा तरी. सीझनच्या शेवटी आंबा असाच वास सोडतो, थोडा आंबट, थोडा दारूसारखा. लॅपटॉपच्या की-बोर्डवर बोटं चिकटतायत. समोर एक्सेलची शीट उघडी आहे, उभ्या-आडव्या रेघांनी भरलेली, आणि ती उघडली की दर मेमध्ये मला तो एक मे महिना आठवतो. आठवला की कान तापतात. इतक्या वर्षांत ते तापणं काही कमी झालेलं नाही.

तेव्हा मी पीएचडी करत होते. विषय होता खाडीच्या चिखलातल्या गोगलगायी. हे सांगितलं की पाहुणे गप्प व्हायचे. आईनं तर नातेवाइकांत 'बायोलॉजीत करते' एवढंच सांगायचं ठरवून टाकलं होतं. गोगलगायींच्या कितीतरी जाती एकाच चिखलात राहतात, दिसायला सारख्या, आणि त्यांच्यात कोण कोणाच्या जवळचं, कोण आधी वेगळं झालं, कोण मागाहून, याचं झाड काढायचं, असं माझं काम. माणसांची वंशावळ असते तशीच, फक्त सांगायला यांच्यात कोणी आजी नाही.

ओहोटीच्या वेळी मी सारसोळ्याच्या जेट्टीवरून चिखलात उतरायचे. गुडघ्यापर्यंत गार, काळा, तुपासारखा चिखल. वर ऊन मी म्हणतंय आणि पाय थंडगार, ही गंमत मला फार आवडायची. कांदळवनाच्या मुळांशी बसून चिमट्यानं एक-एक शंख डब्यात टाकताना वेळेचं भान राहत नसे. जेट्टीवर जाळं विणत बसलेली एक कोळीण मावशी मग वरून ओरडायची, "पोरी, भरतीचा पानी हाय, बाहेर ये! किती गो येचशील?" परत येताना रिक्षावाले माझ्या पायांकडे आणि डब्यांकडे बघून "उधर नहीं जाएगा" म्हणायचे. कोणत्याच 'उधर' जायचं नसायचं त्यांना. मी चालत घरी यायचे आणि आई दारातच बादली ठेवायची.

पप्पा आदल्या वर्षीच रिटायर झाले होते. एकतीस मेला, अर्थातच. गुरुजींनी दिलेल्या तारखेनं त्यांना नोकरीतून काढलंही. सरकारी ऑफिसात कारकून म्हणून लागले आणि मोठे कारकून होऊन बाहेर पडले. त्या वर्षभरात ते घरात कुठं बसावं ते न कळल्यासारखे वावरले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचायचे आणि अकराला आईला विचारायचे, "काही काम आहे का?" आई म्हणायची, "लसूण सोला." ते सोलायचेही, अगदी नीट, पाकळ्या रांगेत लावून.

त्यांना खरं काम मिळायचं ते मे-जूनमध्ये. आमच्या सेक्टरमध्ये फॉर्म भरायचा म्हटलं की लोक पप्पांकडे येत. शाळेचा प्रवेश, रेशन कार्डात नाव, जातीचा दाखला, पेन्शन. गावाकडून नवीन आलेली माणसं चपला बाहेर काढून, कागदांची पिशवी छातीशी धरून बसायची. पप्पा चष्मा पुसायचे, पेनाचं टोपण मागं लावायचे आणि विचारायचे, "नाव बोला. पूर्ण बोला, लाजू नका." त्यांनी भरलेला फॉर्म कधी परत येत नाही, अशी ख्याती होती. ती ऐकली की कान लाल.

त्या मेमध्ये माझी मापं, टिपणं सगळी कागदांवर पडली होती आणि शीटमध्ये चढवायची होती. गाईड बाईंनी मे अखेरचा सेमिनार लावून दिलेला. पप्पा म्हणाले, "तू वाच, मी मारतो." टायपिंग ते तरुणपणी परीक्षा देऊन शिकलेले. मी खाली फरशीवर कागद पसरून बसायचे, ते टेबलाशी ताठ बसून दहाही बोटांनी बडवायचे. मधे आंब्याच्या फोडी. पप्पा फोड खाऊन प्रत्येक वेळी उठून हात साबणानं धुऊन यायचे, मी मात्र ओढणीला पुसायचे.

शीटचं काम तसं सोपं. आडव्या ओळीत एकेक जात, उभ्या रकान्यात एकेक लक्षण. शंखावर काटे नाहीत, तर शून्य. आहेत, तर एक. रंगांना मी एक ते सहा आकडे दिले होते. अडचण यायची ती एकाच जातीत दोन्ही तऱ्हा सापडल्या की. काही तपकिरी, काही पांढरट, आई-बाप तेच, चिखल तोच. अशा वेळी दोन्ही आकडे लिहायचे, मध्ये तिरकी रेघ. मी वाचायचे, "एक तिरकी रेघ सहा." पप्पांना हे आवडायचं नाही.

"एक काहीतरी लिही ना बाळा. एका रकान्यात दोन उत्तरं कशी चालतील?"

"चालतात पप्पा. तसंच आहे ते. दोन्ही खरंय."

"आमच्या साहेबानं फाडून फेकला असता कागद," ते म्हणायचे आणि टाइप करायचे.

एके दुपारी ते एकदम थांबले. "हे काय व्हायलंय बघ की." घाबरले की त्यांचं मराठवाड्याचं बोलणं बाहेर येतं. मी उठून पाहिलं. एक तिरकी रेघ सहा लिहून ते पुढं गेले की एक्सेल तिथं '०१-जून' करत होतं. दोन आकडे आणि मधे रेघ दिसली की ही तारीखच असणार, असं त्या यंत्राचं मत. एक-दोन असेल तिथं एक फेब्रुवारी, तीन-चार असेल तिथं तीन एप्रिल. सगळ्या गोगलगायींना वाढदिवस मिळाले होते. आणि कितीतरी जणी एक जूनच्या.

पप्पा आधी स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग असे हसले की त्यांचा चष्मा खाली आला. "अगं, हे तर आमचे गुरुजी! कळलं नाही की लाव एक जून!" आई स्वयंपाकघरातून पळत आली. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग मी त्यांना शिकवलं की आधी सगळा रकाना निवडून त्याला 'टेक्स्ट' करायचं, म्हणजे यंत्र आपली अक्कल चालवत नाही. त्यांनी ते एकदाच ऐकलं आणि कायमचं शिकले. पुढं प्रत्येक नवा रकाना सुरू करताना स्वतःशीच म्हणायचे, "गुरुजी, बाजूला व्हा."

त्या दिवसांतली ही दुपार मी पुन्हा पुन्हा काढून बघते, कारण ती लाजेच्या अलीकडची आहे. वैशाखी पौर्णिमा जवळ आली होती, आईनं खिरीसाठी तांदूळ निवडायला घेतले होते, विहारातून वंदनेची तालीम ऐकू येत होती. आम्ही तिघं एका खोलीत होतो आणि कोणालाच कोणापासून काही लपवायचं नव्हतं.

माझ्या डब्यांत एक जात अशी होती की जिचे नुसते शंख सापडायचे. आतला प्राणी कधीच नाही. भरतीनं कुठून तरी आणून टाकलेले पांढरे, झिजलेले, रिकामे शंख. जिवंत गोगलगाय मी पाहिली नव्हती, माझ्या आधी कोणी पाहिल्याचंही कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यामुळं तिच्या ओळीत शंखाचे थोडे रकाने सोडले तर पुढं सगळी प्रश्नचिन्हं. डोळ्यांचे दांडे? कल्ला? जिभेवरचे दात? माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही. पप्पा ती ओळ मारताना अस्वस्थ व्हायचे. एकदा म्हणाले, "हिचं फारच अर्धवट दिसतंय."

अर्धवट या शब्दाचा त्यांना धसका होता, आणि त्याला कारण होतं. लहानपणी शिष्यवृत्तीचा त्यांचा फॉर्म परत आला होता, एक रकाना मोकळा राहिला म्हणून. कोणी सांगितलंच नव्हतं की सांगण्यासारखं काही नसेल तिथंही काहीतरी लिहावं लागतं. ते वर्ष त्यांनी दुसऱ्याच्या शेतात काढलं. पुढं नोकरी लागल्यावर ऑफिसात त्यांना तो शब्द भेटला, 'निरंक'. माहिती नसेल, आकडा नसेल, प्रकरण नसेल, तिथं निरंक लिहायचं. मग कागद पूर्ण होतो आणि पूर्ण कागद कोणी परत पाठवत नाही. हा शब्द ते फार प्रेमानं उच्चारायचे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या फॉर्मांतले मोकळे रकाने त्या शब्दानं बुजवले आणि त्यांची पोरं शाळेत घातली.

सेमिनारच्या आधी मी लॅबमध्ये अडकले होते. पप्पांनी दुपारी एकट्यानं बसून शीट 'फेअर' केली. सगळीकडं बारीक काळ्या बॉर्डर, मथळे ठळक, आकडे रकान्याच्या मधोमध. आणि जिथं जिथं प्रश्नचिन्ह होतं तिथं शून्य. निरंक. मला चकित करायचं म्हणून त्यांनी सांगितलं नाही. मी आल्यावर चकचकीत शीट पाहिली, म्हटलं, "काय सुंदर केलंय पप्पा!" त्यांचे कान लाल झाले. मी तीच शीट झाड काढणाऱ्या प्रोग्रामला दिली.

शून्य म्हणजे नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे कळलेलं नाही. माणसाच्या डोळ्याला यात फार अंतर दिसत नाही, प्रोग्रामला मात्र ते जमीन-अस्मानाचं. त्यानं माझ्या रिकाम्या शंखाच्या जातीला डोळे नाहीत, कल्ला नाही, दात नाहीत असं धरलं आणि झाडाच्या पार बुडाशी, सगळ्या भाऊबंदांपासून तोडून, एका वेगळ्या फांदीवर नेऊन बसवलं. जिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं ती जात काहीच नसलेली झाली. आणि मी खूश झाले! मला वाटलं, काहीतरी फार जुनं, फार वेगळं हाताला लागलंय. घरात सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, "बघ, पूर्ण कागदाचा फायदा."

सेमिनार सगळ्यांना खुला होता. पप्पा आले. आकाशी रंगाचा शर्ट, रिटायरमेंटच्या दिवशी घातलेला, बाहीला कडक इस्त्री. मागच्या रांगेत, दाराजवळ बसले, ऑफिसच्या मीटिंगला बसत असतील तसे. मी झाड पडद्यावर लावलं. बाहेरून आलेले एक प्राध्यापक होते, शांत, सभ्य माणूस. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "या खालच्या फांदीवरच्या बाईंचा डेटा दाखवा जरा." मी शीट उघडली. ते वाचत गेले. "डोळे शून्य. कल्ला शून्य. दात शून्य." आणि मग हसून म्हणाले, "अहो, मग ही जगते कशी?"

हॉल हसला. मी शीटकडे बघत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. प्रश्नचिन्हं कुठं गेली? मी माउस वर-खाली करत राहिले. प्राध्यापकांनी पुन्हा विचारलं, "हे कोणी भरलंय?"

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पप्पा उभे होते. हात समोर एकमेकांत धरलेले. साहेबासमोर माणूस उभा राहतो तसे.

"ते मी भरलं, सर. मॅडमची चूक नाही."

मॅडम म्हणजे मी. प्राध्यापकांनी विचारलं, "आपण?" आणि पप्पा म्हणाले, "मी टायपिंगला होतो, सर." तेवढ्यात गाईड बाई चटकन म्हणाल्या, "अहो, वडील आहेत तिचे." मग सगळे पुन्हा हसले, यावेळी मायेनं. "वा, घरचंच ऑफिस!" असं कोणीतरी म्हणालं. प्राध्यापक म्हणाले, "बसा काका, बसा. चुका होतातच." पप्पा बसले नाहीत. दुसऱ्यांदा सांगितल्यावर बसले. एवढ्या लांबूनही मला त्यांचे कान दिसत होते.

कोणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं. रागावता तरी आलं असतं. पण सगळेच चांगले होते, आणि त्या चांगुलपणाखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली. पप्पांची वाटली की पप्पांसाठी वाटली की माझीच मला, हे तेव्हाही कळलं नाही. त्या रकान्यात मी आजही एक आकडा लिहू शकणार नाही. त्यांचं 'सर' मला टोचलं आणि टोचलं म्हणून स्वतःचा संताप आला. हॉलमधला एसी चालू होता आणि माझी पाठ घामानं भिजली होती.

घरी येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. बराच वेळ बाहेर बघून म्हणाले, "पाणी पितेस का?" बाटली पुढं केली. मी प्यायले.

मी शीट पुन्हा केली. एकेक शून्य तपासून जिथं हवं तिथं प्रश्नचिन्ह परत बसवलं. झाड बदललं. रिकाम्या शंखाची जात वर आली, बाकीच्यांच्या गर्दीत, पण नेमकी कोणाच्या शेजारी ते ठरेना. कधी या फांदीवर, कधी त्या. बाई म्हणाल्या, "राहू दे तशीच. हेच प्रामाणिक आहे." पुढच्या खेपेला सेमिनार पार पडला, यथावकाश डिग्रीही मिळाली. माझं काही बिघडलं नाही. बिघडलं ते दुसरीकडंच.

पप्पा परत त्या टेबलाशी बसले नाहीत. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण त्या जूनमध्ये पिशव्या घेऊन माणसं आली तेव्हा ते म्हणाले, "डोळ्यांना दिसत नाही हो आता नीट. त्या सायबर कॅफेवाल्याकडून भरून घ्या." पेपर मात्र ते बारीक अक्षरांच्या जाहिरातींसकट वाचत होते. पुढच्या वर्षी कमी माणसं आली, त्याच्या पुढच्या वर्षी कोणीच नाही. स्वतःच्या पेन्शनचा कागदही ते माझ्यापुढं सरकवायला लागले, "तू भर." पेन खिशाला लावणं सुटलं. पदवीदानाला म्हणाले गुडघा दुखतो. मला कॉलेजात नोकरी लागली, तिथं वार्षिक कार्यक्रमाला घरच्यांना बोलवतात, तेव्हाही गुडघा. आई एकटी यायची आणि माझ्या सहकाऱ्यांना सांगायची, "हिचे पप्पा जरा बुजरे आहेत."

मी समजून चालले होते की माणूस आतून मोडलाय. चारचौघांत झालेली चूक त्यांच्या मनातून जात नाही. सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवली तीच गोष्ट हॉलभर लोकांनी हसण्यावारी नेली, कसं सोसेल? मी विषय काढत नसे. त्यांना लाज वाटते म्हणून मी जपायचे, शीट उघडी असली आणि ते खोलीत आले तर लॅपटॉप मिटायचे. हे मी त्यांच्यासाठी करते, असं मला वाटायचं.

परवा दुपारी बेल वाजली. खालच्या मजल्यावरची रुबिना भाभी आणि तिच्या मागं जिना चढून धापा टाकणारी तिची सासू. ही माणसं मूळची रायगडातली, किनाऱ्यावरची. सासूबाई इथं फारशा बाहेर पडत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सरकारी योजनेचा अर्ज करायचा होता.

"काका, प्लीज ना," रुबिना म्हणाली. "कॅफेवाल्यानं दोनदा भरला, दोनदा रिजेक्ट. अम्मीला टेन्शन आलंय नुसतं."

पप्पा खुर्चीतून अर्धवट उठले आणि ठरलेलं वाक्य म्हणाले, "माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही हो."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि भिंतीला धरून त्यांच्यासमोरच बसल्या. "मला पन दिसत नाय, भाऊ. म्हनून तर आली."

मला हसू आलं, रुबिनालाही. पप्पा स्वतःच्या हाताकडे बघत बसले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेन दे."

"नाव बोला. पूर्ण बोला, लाजू नका." किती वर्षांनी ऐकलं मी ते वाक्य. आतल्या खोलीत माझी शीट उघडी होती, पण मी दारातच उभी राहिले. नाव झालं, पत्ता झाला. जन्मतारखेशी गाडी अडली. एका कार्डावर एक जानेवारी, दुसऱ्यावर एक जून. दोन्ही कोणीतरी लावून दिलेल्या. कॅफेवाल्यानं एकदा ही लिहिली, एकदा ती, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या कार्डाशी जुळली नाही म्हणून अर्ज परत.

"खरी कोणती?" पप्पांनी विचारलं.

"काय ठाव! बापूस सांगायचा, नारळीपुनवेला होड्या हाकारल्या आनि तू झालीस."

पप्पांचं पेन वर राहिलं. मला दिसत होतं ते काय बघतायत. मोकळा रकाना. मला वाटलं, आता निरंक. मग त्यांनी हळूहळू, सुवाच्य अक्षरात, त्या एका रकान्यात दोन्ही तारखा लिहिल्या, मध्ये तिरकी रेघ दिली आणि समासात लिहिलं, 'दोन्ही कागदोपत्री. खरी तारीख माहीत नाही.'

"तुमच्यात असंच करतात ना?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"असंच," मी म्हटलं.

रुबिना घाबरली. "काका, हे तर नक्की परत येईल."

"येईल ना. म्हणून उद्या मी येतो सोबत. खिडकीवर समजावून सांगतो."

काल सकाळी त्यांनी कपाटातून तो आकाशी शर्ट काढला. घड्यांवर पिवळट रेघा पडल्या होत्या. आई म्हणाली, दुसरा घाला, ते म्हणाले, हाच बरा आहे. पेन खिशाला लावलं. मला सुट्टी होती. मी म्हटलं, "पप्पा, मी पण येते."

ते चपलेत पाय घालत होते. "नको बाळा. तिथं मला उभं राहून, साहेब-मॅडम करून बोलावं लागेल. तुला लाज वाटेल."

ते हे रागानं म्हणाले नाहीत. टोमणा तर नाहीच. बाहेर ऊन आहे, छत्री घे, असं सांगावं तसं म्हणाले. चपलेचा अंगठा नीट बसवला आणि दाराची कडी काढली.

एवढी वर्षं. गुडघा, डोळे, पेन्शनचा कागद, मागची रांग. ते स्वतःची लाज सांभाळत नव्हते, माझी सांभाळत होते. त्या दिवशी पडद्यासमोरून मी त्यांचे कान पाहिले, तसेच त्यांनी दाराजवळून माझे पाहिले असणार. आणि मी काय केलं? त्यांना न विचारता त्यांच्या रकान्यात मला हवं ते भरून टाकलं. मोडलेला माणूस, असं लिहिलं आणि शीट मिटली. मी तिथंच, शू-रॅकला धरून उभी होते आणि मला रडूही येत नव्हतं. मग चप्पल सापडेना म्हणून आईची घालून मी जिना उतरले.

योजनेच्या ऑफिसात रांग होती. पप्पा पुढं, सासूबाई त्यांच्या दंडाला धरून, रुबिना फाइल घेऊन, आणि सगळ्यांच्या मागं मी, पायात न बसणारी चप्पल घालून. ते एकदा वळले, मी दिसले, परत पुढं बघायला लागले. खिडकीमागं एक तरुण मुलगी होती, दिवसभर तेच तेच बोलून दमलेली. तिनं अर्ज उलटसुलट पाहिला.

"आजोबा, एका रकान्यात दोन तारखा? हे कोणी भरलंय?"

पप्पांनी शर्ट खाली ओढून सरळ केला, हात समोर एकमेकांत धरले. "मी भरलंय, मॅडम. सांगतो." आणि ते सांगायला लागले. दोन्ही कार्डं काचेला लावून, सावकाश, एकही शब्द न चुकवता. माझे कान तापायला लागले. पायाखालची फरशी बघावी असं फार वाटलं. मुलीनं त्यांना मधेच तोडलं.

"पण तुम्ही कोण यांचे?"

"मी शेजारी, मॅडम. फॉर्म भरतो लोकांचे."

तिनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

"मी यांची मुलगी," मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं असणार, कारण शेजारच्या रांगेतली माणसंही वळली.

पप्पा मागं वळले नाहीत. ते काचेतून आत त्या अर्जाकडेच बघत होते. पण मागून मला त्यांचे कान दिसले, कडेपासून पाळीपर्यंत लालभडक. माझेही तसेच झाले असणार.